वंशावळ शोधायचीय? आधी आडवं जा, मग वर चढा

पणजोबांचं नाव विचारलं तर बहुतेक जण सांगतात. खापरपणजोबांचं विचारलं की अडखळतात. आणि पणजीचं माहेर कुठलं म्हणून विचारा, घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. म्हणजे जिच्यामुळे आपण आहोत त्या बाईचं गावसुद्धा तीन पिढ्यांत पुसलं जातं, आणि हे फार जुनं पण नाही, शंभर-सव्वाशे वर्षांच्या आतलं आहे. मला या शोधाचं वेड लागलं ते यामुळेच, आणि एकदा एक नाव सापडलं ना की थांबवत नाही, कारण प्रत्येक नावाबरोबर एक गाव, एक दुष्काळ, एखादी वाटणी, कुणाचं तरी दत्तक जाणं असं सगळं वर येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. बहुतेक लोक सरळ वर चढायला जातात, मी, वडील, आजोबा, पणजोबा, आणि तिथे अडकतात. अडकले की आडवं जायचं. आजोबांचे चुलतभाऊ, त्यांच्या बहिणी, त्या बहिणींच्या सासरचे, वाटणीत दुसऱ्या गावी गेलेली शाखा. तुमच्या पणजोबांचा कागद तुमच्या घरात नसतो, तो चुलत घराच्या माळ्यावरच्या पेटीत असतो, किंवा पणजीच्या भावाच्या नातवाकडे. म्हणून या लेखात जे जे सांगतेय ते करताना दरवेळी स्वतःला विचारा की याच्या आजूबाजूला अजून कोण होतं.

सुरुवात घरापासून, आणि बोलण्यापासून

घरात सगळ्यात वयस्कर कोण आहे त्यांच्याकडे आधी जा. ऑफिसं आणि दफ्तरं कुठे पळून जात नाहीत, माणसं जातात. फोनवर रेकॉर्डिंग लावा पण विचारून लावा, आणि पहिल्याच भेटीत "वंशावळ सांगा" असं म्हणू नका, त्या प्रश्नाला कुणालाच उत्तर येत नाही. त्याऐवजी विचारा की लहानपणी घरात जेवायला किती जण असायचे, कोण कुठे बसायचं, आजोळ कुठलं, आजोळी कुणाकुणाला भेटायचात, लग्नाला कुठून कुठून माणसं आली होती, कुणाशी बोलणं बंद होतं आणि का. जेवणाच्या पंगतीतून पूर्ण एकत्र कुटुंब उभं राहतं, हा अनुभव आहे.

जुना फोटो असेल तर तो हातात द्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. लग्नातला ग्रुप फोटो असेल तर दिवसभर पुरतो.

मग टोपणनावं. आपल्याकडे अप्पा, नाना, दादा, तात्या, बापू, भाऊ, अक्का, माई, जिजी यांनीच घर भरलेलं असतं आणि खरं नाव कुणाला माहीत नसतं. दोन पिढ्यांत तीन नाना निघतात. तेव्हा प्रत्येक नानाचं कागदावरचं नाव काय हे तिथल्या तिथे विचारून घ्या. बायकांची तर निदान दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं, शिवाय घरातलं हाक मारायचं तिसरं. तिन्ही लिहा.

तारखा विचारू नका, मिळत नाहीत. काळ विचारा. जुनी माणसं सांगतात की प्लेगात गेले, म्हणजे १८९६ नंतरची काही वर्षं. मानमोडीत गेले म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. रझाकाराच्या वेळी गाव सोडलं म्हणजे १९४७-४८. पानशेत फुटलं तेव्हा ती पोटात होती म्हणजे जुलै १९६१. कोयनेचा भूकंप म्हणजे डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ तर सगळ्यांनाच आठवतो. असा खुंटा मिळाला की पुढचं मोजता येतं, "तेव्हा मी रांगत होतो", "तेव्हा थोरल्याचं लग्न झालेलं", बास, दोन-तीन वर्षांच्या फरकाने जन्मसाल काढता येतं.

आणि एक कागद बऱ्याच घरांत असतो ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, तो म्हणजे श्राद्धाच्या नावांचा. पितृपक्षात महालय करताना वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरच्या बाजूच्या पण तीन पिढ्या घ्याव्या लागतात, शिवाय काका, मामा, आत्या, मावशी, सासरे असे गेलेले नातेवाईक. गुरुजी विचारतात तेव्हा पटापट सांगता यावं म्हणून घरातलं कुणीतरी ते वहीत नाहीतर जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं असतं, गोत्रासकट. दोन्हीकडच्या बायकांची नावं एका जागी मिळणारा असा दुसरा घरगुती कागद मला तरी माहीत नाही. देवघराच्या कपाटात बघा. नसेल तर घराण्याचे जे गुरुजी होते त्यांच्या मुलाला विचारा.

याशिवाय लग्नपत्रिका (निमंत्रकांची यादी पूर्ण वाचा, मामा-आत्यांची नावं तिथेच असतात), शाळेचे दाखले, पेन्शनचे कागद, नोकरीचं सर्व्हिस बुक, जुन्या पत्रांवरचे पत्ते, भांड्यांवर कोरलेली नावं. हो, भांडी. रुखवतात आलेल्या पितळी डब्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि कधी कधी सालसुद्धा असतं.

लिहायचं कसं

सॉफ्टवेअर नंतर. आधी साधी वही किंवा एक्सेल शीट. प्रत्येक माणसाला एक नंबर द्या, कारण एकाच नावाची माणसं खूप निघतात. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे गोविंद रामचंद्र, मग रामचंद्र गोविंद, मग परत गोविंद रामचंद्र असं चालू राहतं आणि मधल्या दोन पिढ्या कधी गळल्या ते कळतच नाही. पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षं धरा आणि सारखं तपासत राहा. बाप-लेकाच्या जन्मात साठ वर्षांचं अंतर दिसलं तर बहुतेक वेळा मधे कुणीतरी हरवलंय.

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहायचंच. "आत्याने सांगितलं, अमुक महिना", "फेरफार (म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची सरकारी नोंद) नंबर अमुक, गाव अमुक". आज हे कंटाळवाणं वाटेल, पण सहा महिन्यांनी दोन कागद दोन वेगळी नावं सांगायला लागतात तेव्हा याच एका कॉलमवर सगळं सुटतं.

नंतर माणसं वाढली की ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आपल्या कॉम्प्युटरवरच चालतं आणि देवनागरीत नावं टाकता येतात. ऑनलाईन साईट्स पण आहेत, फॅमिलीसर्च फुकट आहे, मायहेरिटेज आणि गेनीवर काही फुकट काही पैशाचं. माझं मत विचाराल तर मूळ डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर असावा आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते नेटवर टाकूच नयेत.

सातबारा, आणि त्याच्या मागचे फेरफार

घराण्याकडे कधीकाळी एक गुंठा जरी जमीन असेल तरी तुमचं नशीब चांगलं आहे. कारण महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाची वंशावळ सगळ्यात पक्की कुठे लिहिलेली असेल तर ती वारसाच्या फेरफारात.

कसं ते सांगते. आजचा सातबारा घ्या, तो ऑनलाईन मिळतो. त्यातून मिळतो गट नंबर. गट नंबर म्हणजे जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतरचा नंबर, त्याच्या आधी सर्व्हे नंबर होता, तो जुना सर्व्हे नंबर तलाठ्याकडे किंवा भूमि अभिलेख कार्यालयात विचारून घ्या. मग त्या सर्व्हे नंबरचे जुने हस्तलिखित सातबारे काढायचे. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. काही नावांना कंस केलेला असतो, म्हणजे ते नाव कमी झालं, माणूस वारला किंवा जमीन गेली. आता त्या वर्तुळातल्या नंबरांचे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, एकेक करून मागवा.

वारसाचा फेरफार साधारण असा असतो: अमुक खातेदार अमुक तारखेला मयत झाले, त्यांना वारस मुलगा अमुक वय इतकं, मुलगा तमुक अज्ञान (म्हणजे सज्ञान नसलेला), विधवा बायको अमुक. एका परिच्छेदात मृत्यूची तारीख, मुलांची नावं, वयं आणि पत्नीचं नाव! पहिल्यांदा असा उतारा हातात येतो तेव्हा खरंच अंगावर काटा येतो, कारण आजवर फोटोत सुद्धा न दिसलेली आजोबांची आजी तिथे नावासकट उभी असते. तिथून मागच्या फेरफाराला जा, मग त्याच्या मागच्या. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यानंतर हळूहळू गावोगाव या नोंदी सुरू झाल्या, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेशात साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असं मागे जाता येतं. आणि पहिल्या फेरफारात ज्या म्हाताऱ्या खातेदाराचं नाव असतं तो बहुतेक वेळा १८५७ च्या आगेमागे जन्मलेला असतो, त्याच्या नावापुढे बापाचं नाव असतं, म्हणजे अजून एक पिढी.

काही खुणा माहीत असल्या की वाचणं सोपं जातं. "रामजी बिन येसाजी" म्हणजे येसाजीचा मुलगा रामजी, "वलद" पण तेच. "कोम" किंवा "भ्रतार" पुढचं नाव नवऱ्याचं. मराठवाडा-विदर्भात "जौजे" म्हणजे बायको, "बेवा" म्हणजे विधवा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे दिसलं की लगेच सावध व्हा, कारण नाव एकाच भावाचं असलं तरी त्याच्यामागे बाकीचे भाऊ असतात, ते पुढे वाटणीच्या फेरफारात बाहेर येतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, आणि हा पालनकर्ता बऱ्याचदा आई, चुलता नाहीतर मामा असतो. मामा असेल तर पणजीचं माहेर सापडलं म्हणून समजा.

बायकांसाठी अजून एक फार मोठी जागा आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर मुलींची नावं वारस म्हणून लागायला लागली. त्यामुळे त्यानंतरच्या फेरफारात सगळ्या बहिणी सासरच्या नावासकट दिसतात, आणि पुढे त्यांनी हक्कसोडपत्र केलं असेल तर त्या दस्तात त्यांचं वय, गाव, नवऱ्याचं नाव सगळं. हक्क सोडताना का होईना, पण त्या बायका कागदावर आल्या. ते दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात असतात. मी तर म्हणेन घरातलं हक्कसोडपत्र हे आडवं जायचं सगळ्यात चांगलं साधन आहे, एका कागदात चार-पाच आत्यांची घरं कळतात आणि त्यातल्या एका तरी घरात कुणीतरी म्हातारं माणूस तुमच्या घराण्याच्या गोष्टी सांगायला असतंच.

उतारे मिळवायचे कुठून? काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन झालेत, महाभूमीच्या "आपले अभिलेख" पोर्टलवर गाव निवडून बघा. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाचं अभिलेख कक्ष. साधा नक्कल मागणीचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, गाव, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर. नंबर नेमके असतील तर काम होतं, "आमच्या घराण्याचं सगळं द्या" म्हणाल तर कुणी देऊ शकत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांशी नीट बोला, धूळ खात कापडी गाठोडी सोडून बघायची असतात त्यांना.

मराठवाड्यात निजामाचं राज्य असल्याने पद्धत वेगळी. तिथे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा चांगला टप्पा, त्याच्या मागचे बरेच कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुलासाठी वापरायचे ती कालगणना. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष इकडेतिकडे. विदर्भ मध्य प्रांतात होता, तिथे अधिकार अभिलेख आणि खासरा ही नावं ऐकाल. कागदावर शक संवत असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनात ७९. आणि पेशवाईतल्या कागदावर अरबी शब्दांत लिहिलेलं शुहूर सन असतं, त्यात ५९९ किंवा ६००.

जमीन नव्हतीच तर

बऱ्याच घरांकडे नव्हती. तरी थांबायचं कारण नाही. दुसऱ्याची जमीन कसत असाल तर कुळाच्या नोंदी बघा, कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या सुमाराच्या कुळाच्या फेरफारांत खूप कुटुंबांची नावं पहिल्यांदा आली. महार वतनाच्या जमिनी असतील तर वतनाच्या कागदांत हिस्सेदारांची नावं असतात, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द होऊन जमिनी परत देताना पण नोंदी झाल्या. आदिवासी पाड्यांवर वनहक्क कायद्याखाली, म्हणजे २००६ च्या, दावे केले असतील तर त्या फाईलमधे वडीलधाऱ्यांचे जबाब असतात, ते मिळवा. मुस्लिम घरांत शजरा म्हणजे वंशवृक्ष आणि काझींच्या निकाहाच्या वह्या, ख्रिस्ती घरांत चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं. वसईत तर आधी पाद्रीबाबांनाच जाऊन भेटा.

आणि सगळ्यांसाठी दोन गोष्टी. एक, शाळेचं जनरल रजिस्टर, त्याचा उतारा म्हणजे प्रवेश निर्गम उतारा, त्यात जन्मतारीख, जन्मगाव, पालकाचं नाव, जात. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जुन्या बोर्डाच्या काळातली रजिस्टरं अजून असतात. दोन, गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. त्यात बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, फक्त अमुकला मुलगा झाला एवढंच, तरी तारीख मिळते. त्यात लहानपणीच गेलेली मुलं सापडतात ज्यांच्याबद्दल घरात कुणी कधी बोललंच नाही. एकाच आईच्या मुलांची एकामागून एक अशी नोंद वाचताना मन भरून येतं, ती नावं पण वंशावळीत घ्या.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर हे जुने कागद जिल्ह्याजिल्ह्यांत बाहेर काढले गेले आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाईटवर गाववार स्कॅन पण टाकलेत. तुमचा त्या विषयाशी संबंध असो नसो, तुमच्या गावाची पानं तिथे असू शकतात, एकदा बघाच.

याला लागूनच, भावकीत कुणी जात पडताळणी केलीय का विचारा. त्या फाईलमधे प्रतिज्ञापत्रावर वंशावळ जोडावीच लागते आणि पुरावे पण जुने लागतात, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त जाती भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. म्हणजे एखाद्या चुलत भावाने इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनसाठी धावपळ करून तुमच्या पणजोबांचे सगळे कागद आधीच गोळा केलेले असतात! तसंच वाटणीचे कोर्टातले दावे. दाव्यात सुरुवातीलाच वंशावळ मांडलेली असते, आणि समोरचा पक्ष त्यातली चूक काढायला टपलेला असतो त्यामुळे ती बरीच तपासली गेलेली असते. भांडणाने घर मोडलं पण वंशावळ नीट लिहून ठेवली असं होतं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि हेळवी

नाशिक-त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यानपिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने किंवा सांगून आपलं गाव, बापाचं नाव, भावांची, मुलांची नावं लिहिलेली असतात. तुमच्या गावाचे किंवा आडनावाचे उपाध्याय ठरलेले असतात, दुसऱ्याकडे ती वही नसणार. म्हणून तिथे पोचल्यावर विचारायचं ते मूळ गाव आणि तालुका सांगून, मुंबई-पुण्याचा पत्ता सांगून उपयोग नाही. मूळ गाव दोन-तीन असतील तर सगळी सांगा. हरिद्वारच्या वह्यांची अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्म पण करून घेतलीय, यावरून त्यांचं मोल कळावं.

जाताना आपली यादी छापून न्या. वही सापडली की फोटो काढायच्या आधी विचारा, दक्षिणा मनापासून द्या, आणि निघताना आपली पिढी लिहून या. लिहिताना मुलींची आणि सुनांची पण नावं माहेरच्या गावासकट लिहा, ते तसं लिहीत नसतील तर आग्रह करा. पुढच्या माणसाला ती अडचण यायला नको.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात हेळवी असतात. बैल घेऊन दारात यायचे आणि घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणायचे, मूळ कुठल्या गावचे, कुणाला किती मुलगे, कोण कुठे पांगलं. धान्य, कपडे, कधी वासरू असा त्यांचा मान. आता पोथ्या-वह्यांमधे लिहिलेलं असतं. हेळवी कधी येतात ते गावातल्या भावकीला माहीत असतं, त्यांचा फोन नंबर पण असतो कुणाकडे तरी. त्यांच्या सांगण्यात अगदी जुन्या पिढ्या जरा पुराणात शिरतात, पण शेवटच्या सहा-सात पिढ्या आणि कोण कुठल्या गावी गेलं ही माहिती फेरफाराशी ताडून बघा, छान जुळते. विदर्भ-खानदेशाकडे हे काम भाट करतात.

मोडी आणि दफ्तरखाने

घरात मोडी कागद असतील तर आधी एक विनंती, लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मग मोडी वाचक शोधा किंवा सरळ शिका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, म्हणजे १९१० साली स्थापन झालेलं, तिथे वर्ग होतात, सरकारच्या पुराभिलेख खात्याचे पण होतात. अक्षरं ओळखायला फार वेळ लागत नाही, वेगवेगळ्या लोकांचं हस्ताक्षर वाचायला लागतो.

राज्य पुराभिलेखांची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. पुण्याचं पेशवे दफ्तर तर अफाट, एकोणचाळीस हजारांच्या घरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. पण खरं सांगते, घराण्याकडे वतन, इनाम, पाटीलकी, कुलकर्णी किंवा सरदारांकडे चाकरी असं काही होतं याचा धागा हातात असेल तरच तिथे जा. असेल तर मात्र इनाम कमिशनचे कागद नक्की विचारा, १८५२ च्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला आणि त्यासाठी वंशावळी सादर झाल्या.

आडनावावर फार विसंबू नका. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी ही कामाची नावं, मूळ आडनाव वेगळंच असतं. गाव बदललं की नवीन गावाच्या नावाला "-कर" लावून आडनाव झालं. त्यापेक्षा कुलदैवत, गोत्र किंवा देवक, आणि जत्रेत आपल्या घराचा मान काय हे घट्ट धरा. माणसं गाव सोडतात, कुलदैवत सहसा सोडत नाहीत. दूरच्या एखाद्या देवळाला कुळाचार म्हणून जात असाल तर तिथल्या गुरवाला आणि देणगीच्या फरशीवरच्या नावांना विचारा की अजून कुठल्या गावची, आपल्याच मानाची माणसं येतात. आडवं जायचा हा रस्ता मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गोव्यात हे अजून गुंतागुंतीचं, कारण पोर्तुगीज काळात देवच हलवले, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तेव्हा मूळ गाव शोधताना देवाचं आजचं ठिकाण न धरता आधीचं धरा, आणि गावकारी (गावच्या सामायिक जमिनीतला वंशपरंपरेचा हक्क) असेल तर कोमुनिदादीतली, म्हणजे त्या गावसंस्थेतली, वांगडाची (कुळाची) नोंद बघा.

परदेशात गेलेल्या शाखा पण लक्षात ठेवा. मॉरिशसला गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या मराठी लोकांच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे आहेत. पहिल्या महायुद्धात कुणी गेलं आणि परत आलं नाही असं घरात ऐकलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या वेबसाईटवर नाव फुकट शोधता येतं, बसऱ्याच्या स्मारकावरच्या बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव असतं. इंग्रजी स्पेलिंग चित्रविचित्र असतात, चार-पाच प्रकारे टाकून बघा, आणि पलटणीचं नाव माहीत असेल तर त्यावरून.

भावकीशी बोलताना

तुम्ही फेरफार मागायला लागलात की गावात पहिली शंका येते ती जमिनीची. साहजिक आहे. म्हणून आधीच भावकीतल्या मोठ्या माणसाला भेटून सांगा की नावं गोळा करतोय, हिस्सा नको आहे. मूळ कागद मागू नका, त्यांच्या समोर बसून फोटो काढा आणि कागद लगेच परत द्या. आणि त्यांना आधी काहीतरी द्या, तुमच्याकडची यादी, एखादा जुना फोटो छापून.

काही गोष्टी दुखऱ्या निघतील. दुसरेपणावर दिलेली पोर, टाकलेली बायको, पळून गेलेला मुलगा, ज्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं. माझं म्हणणं असं की नोंद सगळ्यांची करायची, वंशावळीतून कुणाला गाळायचं नाही, पण कारणं छापताना जिवंत माणसांना विचारून. दत्तक असेल तर दोन्ही घरं दाखवा, जन्माचं आणि दत्तकाचं, नाहीतर पुढचा शोधणारा हमखास चुकतो.

दोन माहित्या जुळल्या नाहीत तर कुठली जवळची ते बघा, म्हणजे घटना घडली तेव्हा लिहिलेला कागद नंतरच्या आठवणीपेक्षा वरचढ. पण वयाच्या बाबतीत कागदावर पण डोळे मिटून विश्वास नको, शाळेतल्या जन्मतारखा मास्तरांनी अंदाजे घातलेल्या असायच्या, एक जून ही तारीख किती जणांची आहे बघा. दोन्ही माहित्या ठेवा, एकापुढे प्रश्नचिन्ह.

चार-पाच पिढ्या जमल्या की पूर्ण व्हायची वाट न बघता छापा. मोठ्या कागदावर, सुनांच्या माहेरासकट, आणि जिथे माहिती नाही तिथे चौकट रिकामी सोडून. कुळाचाराला, लग्नाला, जत्रेला घेऊन जा आणि सोबत पेन ठेवा. रिकामी चौकट दिसली की लोकांना राहवत नाही, कुणीतरी म्हातारी येते आणि म्हणते अगं ही तर माझ्या आईची आत्या, तिला सावर्ड्याला दिली होती. ते तिथल्या तिथे लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, आणि घरी गेल्यावर सावर्ड्याचा शोध सुरू करा.